मधल्या खुर्चीवरचा खडा

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्याशेजारी रिकामी खुर्ची आणि पलीकडे साक्षात नाटकातल्या त्या थोर बाई! लेक त्यांच्या कानाशी ओरडत होती, मग मी कान बंद करू का?

"आई, डॉक्टर म्हणाले कान गेले, तर नाटक बंद. कबूल?"

"मर म्हण त्यापेक्षा!"

"समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही तुला."

"विंगेतून मामा सांगतात की."

"प्रॉम्प्टरमामा कधीच गेले गं! थडग्यावर खडा तूच ठेवलास."

"ठेवणारच. आपण ज्यू, फुलं नाही वाहत, खडा ठेवतो. पहिल्या प्रयोगाला माझी बोबडी वळली, तेव्हा अख्खं नाटक कुजबुजला तो देवमाणूस. तू तापानं फणफणलीस, तेव्हा उशाशी तोच. मी स्टेजवर."

"माहितीये. पण या खुर्चीवर खडा कशाला? उचल, ती पलीकडची मुलगी बघतेय."

"बघू दे. जागा धरलीय."

"आजी, तुमचा नंबर!" नर्सनं दारातून दोनदा हाक मारली. लेक मुद्दाम गप्प. आई ढिम्म.

मग बाई रिकाम्या खुर्चीकडे झुकल्या.

"आला नंबर? बरं झालं सांगितलंत, मामा. चला."

त्यांनी खडा पर्समध्ये टाकला. खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर आली.