बसलेला उंट

आमी कातारी. सांगलीकडं, कृष्णाकाठी आमचं गाव. कातारी म्हंजे लाकूड कातावर फिरवून गोल करनारा. लाटनी, पाळन्याचे खूर, भोवरे, भिंगऱ्या, समदं आमच्या घरात व्हायचं. माझा पनजोबा तर, काय सांगू तुम्हाला, इंग्रजांच्या काळात जत्रेत खेळन्यांची पाटी घिऊन बसायचा, फिरत्या भोवऱ्यावर लाखेचा रंग चढवायचा आन् केवड्याच्या पानानं घासून अशी चकाकी आनायचा की पोरं त्यात तोंड बघायची. हे समदं आबांनी सांगितलेलं, आबा म्हंजे माझे वडील. पन पनजोबाची खरी कला म्हंजे साचे. हलवायाला साखरेचे हत्ती-घोडे पाडायला लाकडी साचे लागायचे, ते पनजोबा कोरायचा. तवा कुठलं चाकलेट आन् कुठलं काय! साखरेचा घोडा म्हंजे आधी खेळनं, मग खाऊ. दिसभर खेळवायचा आन् मुंग्या लागाय लागल्या की शेपटीपासनं खायला सुरुवात.

पुढं प्लॅस्टिक आलं, आमचा कात बसला. आबा म्हनायचे, तरी हात सोडू नको. मी सोडला. फर्निचर शिकलो आन् कतारला आलो, अकरा वर्सं झाली. आबा भांडले न्हाईत, भांडले असते तर बरं झालं असतं. फोनवर जेवलास का, बरं हाय का, ठेव. काय काम करतोस म्हनून एकदा बी इचारलं न्हाई.

तर झालं असं, हिथं कतारात अल सद्द भागात एका फ्लॅटात किचनची कपाटं बसवत हुतो. ड्रिलचा बिट मोडला आन् माझ्या तोंडातनं जी शिवी गेली, ती ऐकून आतनं बाई हसत आल्या, म्हनल्या सांगलीचे का हो? त्या मेधाताई. शुक्रवारी बिल्डिंगमधल्या पोरान्ला मराठी शिकवत्यात. म्हनल्या, पोरान्ला कळतं समदं पन उत्तर इंग्लिशमधी देत्यात, ह्यांना पनज्या-पनजीच्या वेळची खेळनी, खाऊ कायतरी दाखवायचंय. मी फुगलो. म्हनलं ताई, भोवरे देतो, साखरेचा हत्ती बी पाडून दावतो. आन् खरं सांगू का, जल्मात मी साचा कोरला नव्हता!

वर्कशॉपात सागवानाचे तुकडे पडलेले. फोरमन केरळचा, म्हनला ब्रेक में करो, मशीन खराब नहीं करना, यल्ला, म्हंजे चल आटप. आठ दिसांत हत्तीचा दोन भागांचा साचा कोरला. बिरकत अल अवामेरला आमच्या कामगारांच्या क्यांपात पाक केला, वतला. चिकटला की वो! स्क्रू ड्रायव्हरनं हत्ती उकरून काढला. चार दिस आमच्या खोलीतल्या चहात कधी सोंड, कधी कान.

मग आबांना फोन लावला. म्हनलं आबा, साचा कोरलाय, साखर सुटंना.   आबा म्हनले, भिजत घातला हुतास का?

न्हाई.

गाढवा, कोरड्या लाकडाला साखर सोडती व्हय? रातभर पान्यात ठेव. पाक पांढरा हुईस्तवर घोट, लिंबू पीळ चार थेंब. आन् साचा दाव मला, फोन असा धर, उजेडात धर. तासभर बोलले. अकरा वर्सांचं त्या तासात बोलले.

शुक्रवारी मेधाताईंच्या हॉलमधी साचा उघडला तर सोंडंसकट हत्ती उभा. काय ती पोरं वरडली! सई म्हनून एक सात वर्सांची पोरगी, म्हनली अंकल, वन मोअर. मी म्हनलं मराठीत माग. डोकं खाजवलं तिनं, मग म्हनली, काका, अजून एक हत्ती दे ना. म्हनलं घे, दोन घे. तर लगेच म्हनली, उंट का नाही?

आता उंट! पनजोबानं कुठला कोरायला उंट? मी कोरला. तीनदा पाडला, तीनदा पाय मोडले. बारीक पाय, वर ते वशिंड. आबांना दावला, म्हनले फोटू धाड. पन्नास फोटू धाडले. दुसऱ्या दिशी सकाळी फोन, आवाजात निस्तं हसू. म्हनले, येड्या, तुझ्या उंटाला बसाय येत न्हाई व्हय? बसलेला कोर!

खलास. पहिल्याच दणक्यात सुटला. त्या शुक्रवारी चोवीस उंट पाडले आन् सईनं तिच्या उंटाला मराठीत नाव ठिवलं, सखाराम.

आबा अठ्ठ्याहत्तरचे हायत. तरी माळ्यावरनं पनजोबाची पटाशी काढली आन् तिथं बसलेल्या उंटाचा साचा कोरला, हलवायाला दिला. औंदा आमच्या जत्रेत उंट इकला, ऐकताय न्हवं? लोक इचारत्यात आबा, ह्यो काय? आबा म्हनत्यात, माझ्या पोराच्या गावचं जनावर हाय. लई दिस बसून ऱ्हातंय, पन मनात आलं की उठतंय आन् घरला येतंय.

माझी सुट्टी मंजूर झालीया. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. तुमची बी पोरं खेळती ऱ्हाऊंद्या, माउली, तोंड गोड ऱ्हाऊंद्या त्यांचं.