दोरीचं दुसरं टोक

हॅलो? … हॅलो, कोण? … हो, नंदुरबारचं कापसाचं जिनच. मॅनेजरसाहेब बाहेर काट्यावर आहेत, मी त्यांची… कोण, अक्का? अगं, मी मंगला. तुझी बहीण.

नवापूरहून? वखारीतून बोलतेस का? … दाजींनी लावून दिला होय. … जरा मोठ्यानं बोल, इथं मशिनं चालू आहेत. … मी पण ओरडूनच बोलतेय.

तापी ना? पोर बरी आहे आता. ताप उतरला. सकाळी दूध-भाकर खाल्ली. … नाही गं, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

रूपीबाई पोचली का? … परवाच्या गाडीनं. … नुसती बसून आहे?

अक्का, तिला बोलू नकोस काही. … अगं, बाई तू पाठवलेली, तुझी मान खाली गेली, हे कळतं मला, पण… हो, हो… अगं ऐक ना. दाजींना सांग, तिला घालवू नका. … पोरं सांभाळायला तिला आता कुणी ठेवणार नाही? असं कोण म्हणतं? … सगळेच?

हो, तापी कापसाच्या ढिगात सापडली. पहाटे भिला पहारेकऱ्याला दिसली. गाढ झोपलेली. … हो, गाड्या रिकाम्या करायला लागले होते. … अक्का, ते नको बोलूस. रोज डोळ्यांपुढे येतं माझ्या. वरून एक गाडी ओतली असती तर… हो ना.

पाच वर्षांची पोर वेगळ्या खोलीत कशाला, ते ह्यांना विचार. नवा बंगला, चार खोल्या. त्या गोऱ्या इंजिनियरकडे जाऊन आले, त्याची पोरं म्हणे एकटी झोपतात. झालं, आमच्याकडेही तेच. … पोरग्याचं, भाईदासचं काय नाही, तो पडला की धोंडा. पण तापी?

म्हणून तर मी दोरी बांधली होती. … दोरी गं. पाळण्याला बांधतो ना आपण, तशीच. एक टोक तिच्या खाटेपाशी, झरोक्यातून दुसरं माझ्या उशाशी, आणि त्याला वासराच्या गळ्यातली घंटी. तिनं ओढली की वाजायची, मग मी इकडून ओढायची. म्हणजे ‘माय शे’, आई आहे इथंच. एवढं कळलं की झोपायची.

ह्यांना? घंटीचं माहीत होतं. मी उलटं ओढते ते नव्हतं माहीत. त्यांचा नियम असा, की घंटी वाजली तरी आईनं उठायचं नाही, ओट्यावर निजलेल्या रूपीबाईला हाक मारायची. तिनं जाऊन बघायचं.

… त्या रात्री? वाजली ना. मी हाक मारली, रूपीबाई उठली नाही. … हो, ह्यांना मी असंच सांगितलं.

… काही नाही. ऐकतेय.

‘माझी झोप लागली’? असं म्हणाली ती? स्वतःच्या तोंडानं?

… कोण? एक्सचेंज? हो भाऊ, आणखी तीन मिनिटं द्या.

अक्का, तिला झोप नव्हती लागली. … मी म्हणते, हाक मारलीच नाही तर उठेल कशी? … कारण घंटी वाजलीच नाही. … तुटली नव्हती. मी घंटीत कापूस कोंबला होता. … कापूस, अक्का, कापूस. … मीच.

दहा-दहा वेळा ओढायची गं. डोळा लागला की किण, डोळा लागला की किण. पाणी नको, काही नको, फक्त मी आहे का बघायची. महिना झाला होता. त्या दिवशी माझ्याच अंगात कसकस होती, म्हटलं एक रात्र. एकच. इथं कापसाला काय तोटा, पदराला चिकटलेलाच काढला आणि… हो. शोधायला निघाली ती मला. माझं दार आतून लावलेलं, मग मिळेल त्या दारानं बाहेर. … ताप उतरल्यावर मला काय म्हणाली माहीत आहे? “माय वं, मी दोरी ओढी, तू नही ओढी.” एवढंच. अक्का, मन्ही चूक शे. मन्हीच.

… रागाव. हवं तेवढं रागाव. … हो, घाबरले ह्यांना. तोंडातून तिचं नाव निघून गेलं, मग ते मागे घ्यायची हिंमत होईना. तिनं गाठोडं उचललं तेव्हा मी चुलीपाशी भाकरी थापत बसले होते. पाठ फिरवून. लाज वाटते गं मला.

जवळच आहे ती? … नको. … नाही, दे. दे तिला.

रूपीबाई? … फोनच्या खालच्या तोंडात बोल. … हो, तापी बरी आहे. … जेवते. … रूपीबाई, मी त्या घंटीत… काय? … तुला माहीत होतं?

… तूच काढलास तो कापूस? … साहेब पोरीला घेऊन आत यायच्या आधी.

मग बोलली का नाहीस? … सांग ना. … ‘माय खोटी ठरली तर लेकरानं कुणाकडे बघायचं’? आणि तू खोटी ठरलीस ते?

… हो, रडतेय मी. … येशील का परत? … नाही. … बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. पण अक्काकडे राहा, अक्काला आता सगळं…

थांब जरा. … हे आलेत. दारात उभे आहेत. … बघतायत नुसते. किती ऐकलं कोण जाणे.

काय म्हणतेस? … घंटी बिघडली होती म्हणून सांगू? रूपीबाई, अजून मलाच वाचवतेस होय.

नको. तू फोन ठेवू नकोस, धरून राहा, तुलाही ऐकू येऊ दे. … हो भाऊ, आणखी तीन मिनिटं. तोडू नका. … अहो, आत या. बसा. तापी बाहेर गेली त्या रात्री मी रूपीबाईला हाक मारलीच नव्हती.