पितळी पट्टीखालची 'रामदास'

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय नागेशराव आबा घोलप, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधाम सोडून जमलो ते सत्कारमूर्ती, आपल्या प्रशालेचे मुख्याध्यापक श्री. शंभूराज खरतोडे सर, सरांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, बारामतीहून मुद्दाम आलेले संस्थेचे पदाधिकारी, भवानीनगर, कळस आणि आसपासच्या गावांतून आलेले ग्रामस्थ, माझे सहकारी शिक्षक आणि मागे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. कुणी सांगितलं? खुद्द सरांनी. "रेश्मा मॅडम, तुम्ही आपल्या त्या बोटीविषयी बोला, लोकांना फार आवडतं," असं ते म्हणाले. त्यांच्या 'आपल्या' या शब्दाकडे तुमचं लक्ष जावं. मी आजवर सरांचा शब्द मोडला नाही, आणि शेवटच्या दिवशी मोडावा असं मला वाटत नाही. म्हणून बोटीविषयीच बोलते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांच्या गुणांविषयी इतकं सांगितलं की माझ्या वाट्याला फारसं उरलं नाही. दहावीचा निकाल त्यांनी वर नेला, हे खरं. नवी प्रयोगशाळा आणली, हेही खरं. संस्थेत कुणाला काय हवंय हे त्या माणसाच्या आधी सरांना कळतं, असं मघाशी एक वक्ते म्हणाले. ते तर फारच खरं आहे. मी पुढे जे सांगणार आहे ते त्याच गुणाविषयी आहे.

माझे वडील दत्तोबा तात्या. इथल्या बऱ्याच जणांना ते कारखान्यातले सुतार म्हणून ठाऊक आहेत. निवृत्त झाल्यावर कळसला आमची पेरूची बाग बघायचे. स्वभाव विचाराल तर तापट. मजूर पेरूची तोड अर्ध्यात टाकून पळालेले मी पाहिलेत. अशा माणसाने वयाची सत्तरी ओलांडल्यावर अचानक लाकडाची बोट करायला घेतली. तीही साधीसुधी नाही. रामदास बोट.

मुलांनो, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, आषाढातल्या अमावस्येला मुंबईहून रेवसला निघालेली ही आगबोट वादळात सापडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात माझे आजोबा भिमा होते. ते गिरणीत कामाला होते. गिरणीतला एक मित्र तिकडचा. त्याने सणाला घरी जेवायला बोलावलं, म्हणून आमच्या या कोरडवाहू माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बोटीत पाय ठेवला. तो परत आला नाही. त्याचा देहसुद्धा सापडला नाही.

तात्या तेव्हा चार वर्षांचे. पोराने आईला विचारलं, "बोट म्हंजी काय गं?" माझी आजी ठमाबाई. तिनं समुद्र काय, मोठी नदीसुद्धा पाहिलेली नव्हती. ती म्हणाली, "लाकडाचं घर आसतं बाळा, पाण्यावर चालतंय." तात्यांनी जन्मभर तेच डोक्यात धरून ठेवलं. बोट लोखंडी होती हे त्यांना म्हातारपणी कळलं. तरी म्हणाले, "आसूंदे लोखंडाची. मला लाकूडच येतंय."

मी विचारलं, "तात्या, हा उद्योग कशासाठी?"

"माझा बा कुठं हुबा ऱ्हायला आसंल, त्ये मला बघायचंय."

एवढंच. याच्यावर मी पुन्हा काही विचारलं नाही.

गावाने मात्र विचारलं. "दत्तोबा, कॅनॉलला सोडणार का उजनीत?" असं जाता-येता विचारायचे. आज त्यातले काही जण पुढच्या रांगेत बसलेत, त्यांनाही माझा नमस्कार.

आता सरांविषयी. मी सरांवर अन्याय करणार नाही. तात्यांना त्या काळात कुणी साथ दिली असेल, तर ती शंभूराज सरांनी दिली. दर रविवारी ते कळसला यायचे. तात्यांनी केलेला पहिला सांगाडा बघून ते म्हणाले होते, "तात्या, ही उसाची ट्रॉली झालीय." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तात्यांनी पटाशी फेकून मारली असती. सरांचं ऐकून तो सांगाडा त्यांनी चुलीत घातला. सरांनी मुंबईच्या ओळखीतून जुने फोटो मिळवले, खऱ्या बोटीच्या लांबी-रुंदीवरून लहान बोटीचं माप कसं काढायचं ते शिकवलं. सागवानाच्या पट्ट्या वाकवून लावताना फेविकॉल सुकेपर्यंत धरून बसावं लागायचं. एका बाजूला तात्या आणि दुसऱ्या बाजूला आपले मुख्याध्यापक, दोघं तासन्तास पट्टी दाबून बसलेले मी पाहिलेत. आमच्याकडे सरांचा चहाचा कप वेगळा काढून ठेवलेला असायचा.

असं दोन उन्हाळे चाललं. बोट वर्गातल्या बाकाएवढी लांब झाली. धुराडं, शिड्या, डेकचे कठडे, जीवरक्षक होड्या, सगळं जागच्या जागी. शेवटी तात्यांनी पुढच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पटाशीने अक्षरं कोरली, 'रामदास'. ती कोरताना त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग मला हाक मारली आणि डेकच्या मागच्या कठड्यावर करंगळी टेकवली.

"हितं. हितंच हुबा आसंल. त्येला गर्दीत करमायचं न्हाय."

वडिलांचा चेहरा न आठवणाऱ्या माणसाला वडिलांची जागा सापडली होती. सर तेव्हा तिथे होते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते पाहिलंय, आणि म्हणूनच पुढचं मला आजवर समजलेलं नाही.

सर म्हणाले, "तात्या, बोट शाळेत ठेवू. पोरांना कळू दे." तात्या हो म्हणाले. बोट शाळेत आली. या सभागृहाच्या त्या कोपऱ्यात ती वर्षभर होती. जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

मग आबांची एकसष्टी आली. बारामतीला मोठं मंगल कार्यालय, हजारोंची पंगत, आणि संस्थेच्या प्रत्येक शाळेने काय भेट द्यायची याची चढाओढ. आपल्या शाळेला तेव्हा कनिष्ठ महाविद्यालय हवं होतं. सरांना प्राचार्य व्हायचं होतं. यात गैर काय आहे? माणसाला काहीतरी व्हावंसं वाटतंच.

सरांनी तात्यांना न्यायला जीप पाठवली. कारागीर म्हणून सत्कार आहे असं सांगितलं. तात्यांनी नवं धोतर नेसलं, फेटा बांधला. जन्मभरात त्यांचा सत्कार कधी झाला नव्हता. मंचावर मखमली कापड टाकून काहीतरी झाकून ठेवलं होतं. टाळ्यांच्या कडकडाटात सरांनी ते ओढलं.

आमची बोट होती. तिच्या पुढच्या तोंडावरची अक्षरं पॉलिशपेपरने घासून काढली होती आणि तिथे दोन्ही बाजूंना चकचकीत पितळी पट्टी स्क्रूने बसवली होती, 'विजयलक्ष्मी'.

मी सरांना मंचामागे गाठलं. ते घाईत होते. म्हणाले, "मॅडम, बुडालेल्या बोटीचं नाव एकसष्टीला कसं चालेल? अशुभ दिसतं. तुम्हीच सांगा."

तेवढ्यात तात्यांचं नाव पुकारलं गेलं. ते मंचावर गेले, बोटीपाशी थांबले, पट्टीवरून हात फिरवला. कुणीतरी त्यांच्यापुढे माईक धरला. तात्या एकच वाक्य बोलले.

"ही बोट माझी न्हाय."

आणि सरांनी माईक घेतला. "पाहिलंत? केवढा हा विनय! एवढी कला हातात असून म्हणतात, माझी नाही!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी अनेक समारंभ पाहिलेत, पण तसल्या टाळ्या पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही. माझा बाप त्या टाळ्यांमध्ये उभा होता आणि त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर शाल टाकली गेली. खाली उतरल्यावर ती त्याने पहिल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि जेवणाला न थांबता तो एसटी स्टँडकडे चालू लागला. मी मागे धावले.

अविराज सर, तुमची चिठ्ठी मिळाली. 'आवरतं घ्या' असं लिहिलंय. आवरते. सूत्रसंचालकांची अडचण मी समजू शकते. पण मला सरांनी विषय दिलाय, तो अर्धा सोडून बसले तर सरांचाच अवमान होईल.

त्यानंतर तात्यांनी रंधा हातात धरला नाही. सरांचं रविवारचं येणं थांबलं. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन बोट परत मागितली. सर म्हणाले, "दिलेली भेट परत मागायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?" मी म्हटलं, "सर, ती तुमची कधी होती?" पुढच्या जूनमध्ये उत्तर आलं. माझी बदली लोणी भापकरच्या शाखेत झाली. दोन एसट्या बदलून मी रोज तिथे जाते. सर, त्याबद्दल मी आज जाहीर आभार मानते. मुख्याध्यापकाला न घाबरताही शाळा चालते, हे मला तिथे पाहायला मिळालं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कुणाला न विचारता बारामतीला आबांच्या बंगल्यावर गेले. आबा, आपण रागावणार नाही अशी आशा आहे, कारण आपण त्या दिवशी माझ्याशी चांगलेच वागलात. बोट जिन्याखाली होती. तिच्यावर चपलांचे खोके रचले होते. धुराडं मोडलं होतं, अर्धे कठडे गेले होते. आबांच्या पत्नी प्रयागबाई वहिनींनी खोके उचलायला मला हातभार लावला. आबा बाहेर आले आणि म्हणाले, "कुणी दिलेली हो ही? एकसष्टीत आलेली दिसतीय. न्या की, जागा मोकळी होईल."

शंभूराज सर, आपण पाणी घ्या. मी थांबते.

ऐकलंत ना? आबांना देणाऱ्याचं नाव आठवत नव्हतं. ज्या भेटीसाठी तुम्ही ती अक्षरं घासलीत, ती कुणी दिली हेसुद्धा त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि कनिष्ठ महाविद्यालय दुसऱ्याच शाळेला मिळालं, हे तर या सभागृहात सगळ्यांनाच माहीत आहे.

बोट टेम्पोतून घरी आणली. तात्यांनी स्वतः स्क्रू फिरवून दोन्ही पट्ट्या काढल्या. कठडे नवे केले, धुराडं जोडलं. बरेच दिवस लागले, कारण मधल्या काळात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. मग ते अक्षरं कोरायला बसले. पहिल्या 'रा'चा काना ओढताना पटाशी निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. मी म्हटलं, भवानीनगरला चांगला सुतार आहे, त्याच्याकडून कोरून घेऊ. तात्या म्हणाले, "नगं. त्येवढं माझ्याच हातानं व्हायला पायजे." ते झालं नाही. आता होणारही नाही. ती जागा तशीच कोरी आहे.

गेल्या आठवड्यात सर आमच्या घरी आले होते. पेढे आणले होते. तात्यांच्या पायांना हात लावला. म्हणाले, "तात्या, झालं गेलं सोडून द्या. कार्यक्रमाला चला, बोटही आणू, मंचावर ठेवू, सगळ्यांचा फोटो काढू. तुम्ही मला वडिलांसारखे आहात."

तात्या बाजेवर उठून बसले.

"आसं व्हय? मग बापाचं नाव आसं खरवडत्यात व्हय, सर?"

सर उठले. जाताना दारात मला म्हणाले, "मॅडम, निदान तुम्ही तरी या. आपल्या त्या बोटीविषयी दोन शब्द चांगले बोला." मी येणार नव्हते. तात्यांनीच मला पाठवलं. म्हणाले, "जा. बोलीवलंय तर बोल. शिव्या दिऊ नगं. रविवारी यायचा, पट्टी धरायचा, त्ये बी सांग. खोटं काय बोलू नगं. आन् शेवटाला त्येला सांग, दत्तोबानं माफ क्येलं न्हाय."

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. संस्थेचे, संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. शंभूराज सर, आपल्याला निवृत्तीनंतर चांगलं आरोग्य लाभो, हे मी मनापासून म्हणते. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही उणं-अधिक झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक माझी समजून पोटात घालावी.

तात्यांचा निरोप मात्र मी जसाच्या तसा पोचवला आहे.