‘कट’ आणि ‘थम’

आमचे भाऊकाका फौजेत असताना त्यांच्या अख्ख्या पलटणीने एका युद्धपटात काम केलं होतं, माहितीये का तुम्हाला? परवा तो पिक्चर यूट्यूबवर सापडला, तसा घोडपदेवला जाऊन त्यांच्याच टीव्हीवर लावला. बघून बघून डोळे दुखले, पण काका काही दिसेनात.

"काका, यात तुम्ही कुठे आहात?"

"तो बघ, पळतोय."

"अहो, ते शत्रू आहेत!"

"मग? शत्रू काय तिकडून मागवणार? अर्धी पलटण आपली, अर्धी त्यांची. मी त्यांच्यात."

इकडे शत्रू पळतायत ते पळतायतच. पार टेकडीवर जाऊन मुंगीएवढे झाले. मी म्हटलं, "काय लांबलचक शॉट घेतलाय! डायरेक्टर भारी असणार."

"कसला भारी? तो बिचारा मागून ‘कट, कट’ ओरडत होता."

"मग थांबला का नाहीत?"

"फौजेत ‘कट’ नसतं रे. आमचे हवालदार ‘थम’ म्हणाले की थांबायचं."

"मग ते का नाही म्हणाले?"

"ते सगळ्यांच्या पुढे पळत होते. आणि त्यांना ‘थम’ म्हणणारे सुभेदारसाहेब, आपण जिंकलो म्हणून टाळ्या वाजवत होते."