पट्टा पुरत नव्हता तेव्हा

आदरणीय अध्यक्ष आरोग्य अधिकारी साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर, सोमवारपासून त्यांची जागा घेणाऱ्या नव्या सिस्टर, आणि वजन उतरवायच्या आपल्या गटातल्या माझ्या बंधूभगिनींनो,

गटाच्या वतीने दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. मी मोटार शिकवतो. शिकणारी पोरं मला ब्रेकमामा म्हणतात, कारण माझा पाय कायम माझ्या बाजूच्या ब्रेकवर. वीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसलोय, पण आजच्याएवढी धडधड कधी झाली नाही. भाषण लिहून आणलं होतं, घामाने कागदाचा लगदा झाला. तेव्हा सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, मला धरून या गटात आणलं. त्याआधी एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं होतं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू. पुढे तीन वर्षं मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. इथेही बोलणी खायची तयारी ठेवूनच आलो होतो. पण सिस्टरांनी वजनकाटा बाहेर काढलाच नाही. विचारलं, दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जड काय जातं? आता काय सांगू मंडळी? लाज वाटते, पण सांगतो. विद्यार्थ्यांना माझा पहिला धडा असतो, गाडीत बसल्यावर आधी सीटचा पट्टा लावा. आणि माझाच पट्टा मला पुरत नव्हता. पोटावर ओढून टोक मुठीत धरून बसायचो, कुणाला कळू नये म्हणून.

सिस्टर म्हणाल्या, "वजन उतरायचं तेव्हा उतरेल. तोवर तुम्ही सुरक्षित बसायला हवं."

दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात येऊन पट्टा लांब करणारा जोडतुकडा घ्यायला लावला. मग मात्र मी त्यांचं सगळं ऐकलं. दोन शिकवण्यांच्या मध्ये गाडीतच मिळेल ते तोंडात कोंबायचो, ते सुटलं. हळूहळू नऊ किलो गेले.

साहेब, आत्ताच तुम्ही नवा नियम सांगितलात. तीन महिन्यांत वजन उतरलं नाही, तर गटातून नाव कमी. गटात यायला बाहेर माणसं ताटकळताहेत, तुमचंही खरं आहे. पण त्या नियमात पहिलं नाव माझंच निघेल. अक्का दीड महिना रुग्णालयात आहे. मी तिथल्या बाकावर बसून मिळेल ते खातो. चार किलो परत आलेत. त्या लाजेने गटाचे दोन सोमवार चुकवले, आणि सिस्टरांना फोनवर सांगितलं की शिकवण्या वाढल्यात. सिस्टर, ते खोटं होतं.

नव्या सिस्टर, आपली ओळख नाही. सोमवारी मी येतोय. काट्यावर चार किलो जास्त दिसतील. नाव कापायचं तर कापा, मी भांडणार नाही. पण त्याआधी एकदा विचारा, काय झालं म्हणून.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. सिस्टरांच्या निरोपाला स्वतःचंच गाऱ्हाणं मांडलं, मोठ्या मनाने पदरात घ्या. आज बोललो नसतो, तर सोमवारी मी आलोच नसतो.