गोमाशीला बाबांचं नाव

कीर्तनाला निघालेल्या कमलताईंच्या कानी इंद्रपुरीच्या थांब्यावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडलं.

“बाबा, डायनासोरांच्या काळातली गोमाशी आहे, राळेत गोठलेली. जात अगदी नवीन. तिला तुमचं नाव देतेय. शोधनिबंध आजच पाठवायचाय.”

“रक्त पिणाऱ्या माशीला माझं नाव? कॉलनीवाले जन्मभर चिडवतील. तुझंच दे.”

“स्वतःचं देण्याची रीत नाही.”

“मग आईचं दे.”

“अहो, सापडलाय तो नर आहे. डोळे एकमेकांना भिडलेत ना, म्हणजे नरच. तो चावत नाही, फुलांतला रस पितो. रक्त पिते ती मादी.”

कमलताईंची बस आली. पूर्वरंग चुकला तर चुकू दे, म्हणून त्या बसूनच राहिल्या.

“मग दे माझं.”

“नक्की?”

“दे. पण ते मादीचं घरी बोलू नकोस.”