मान डॉक्टरांच्या हातात

ड्रायव्हर : आज? अहो ताई, आजच कशाला? डॉक्टर बिचारे सकाळपासून एकेकाचे मणके बसवून घामाघूम झालेत, आणि तुम्ही आत जाऊन सांगणार, मानेला काडीचा फरक नाही म्हणून?

टेलरबाई : नाहीच आहे, दादा. आणि आज सांगणारच. जिना चढतानाच ठरवलं.

ड्रायव्हर : मला बघा ना. स्टेअरिंगमागे बसायचं सोडा, याच जिन्याने मला दोघांनी धरून वर आणलं होतं. आत गेलो, टेबलावर पालथा पडलो, कड्कन आवाज झाला. म्हटलं, गेली कंबर! आणि बाहेर आलो तो स्वतःच्या पायांनी. बोर्डावरचं ते 'कायरोप्रॅक्टर' मला अजून धड म्हणता येत नाही, पण या माणसाच्या हाताला यश आहे.

टेलरबाई : हे तुम्ही मला पहिल्या दिवशीच सांगितलंत.

ड्रायव्हर : मग, खोटं होतं?

टेलरबाई : खरं होतं, तीच तर पंचाईत झाली. तुमची कंबर, त्या नर्सबाईंची पाठ, बँकेतल्या साहेबांचा खांदा. या बाकावर जो तो बरा होऊन बसलेला. मला वाटायचं, सगळ्यांना गुण येतो, मग माझ्याच मानेला काय धाड भरलीय? डॉक्टरांनी विचारलं की मी म्हणायचे, हलकं वाटतंय. बाहेर येऊन तुम्हालाही तेच.

ड्रायव्हर : म्हणजे मलाही बनवलंत! अहो, मी डेपोत चारचौघांना तुमचं उदाहरण दिलं की हो.

टेलरबाई : आता हेही सांगा त्यांना.

ड्रायव्हर : रागावू नका, पण थोडा धीर धरला तर? एवढा जीव ओतून करतात ते. त्यांच्या मनाला लागेल.

टेलरबाई : लागू दे. हे बोट बघा. काल इस्त्री करताना भाजलं. आणि दुखलं म्हणून कळलं नाही मला, वासाने कळलं. आधी वाटलं, गिऱ्हाइकाचा कोट जळाला. कोट उलटापालटा करून बघतेय, आणि जळत होतं माझं बोट.

ड्रायव्हर : अरे देवा.

टेलरबाई : हा उजवा हात गेला तर कात्री कशाने धरू? डॉक्टरांचं मन काय, आज लागेल, उद्या बरं होईल. माझ्या हाताचं तसं नाही. चला, बोलावताहेत.

डॉक्टर : या, काकू. दार लोटून घ्या आणि पालथ्या झोपा. काय म्हणतेय मान?

टेलरबाई : मी आज खुर्चीत बसूनच बोलते. तुम्हीही बसा.

डॉक्टर : का हो? काय झालं?

टेलरबाई : मला फरक नाही. पहिल्या दिवसापासून नाही. उलट वाढलंय.

डॉक्टर : पण मी दर वेळी विचारलंय तुम्हाला. तुम्हीच म्हणायचात, हलकं वाटतंय.

टेलरबाई : खोटं बोलायचे. चूक माझी, कबूल. पण तुम्ही विचारता तेव्हा माझी मान तुमच्या दोन्ही हातांत असते, डॉक्टर. अशा वेळी कोण 'नाही' म्हणेल?

डॉक्टर : हं.

टेलरबाई : नुसतं 'हं' करू नका. मला भीती वाटतेय.

डॉक्टर : हात बघू. हे कशाने भाजलं?

टेलरबाई : इस्त्रीने. कळलंच नाही.

डॉक्टर : ब्लाउजची, शर्टाची बटणं लावता येतात?

टेलरबाई : गावाच्या कपड्यांना बटणं शिवली मी. माझी स्वतःची आता मुलगी लावून देते.

डॉक्टर : आणि चालताना?

टेलरबाई : जिन्यात तोल जातो. कठडा सोडत नाही मी.

डॉक्टर : हे सांगितलं नाहीत कधी.

टेलरबाई : तुम्ही मानेचं विचारलंत. पायांचं कुठे विचारलंत?

डॉक्टर : विचारायला हवं होतं. खरंच हवं होतं. काकू, आज मी तुमच्या मानेला हात लावणार नाही.

टेलरबाई : आणि पुढच्या वेळी?

डॉक्टर : पुढच्या वेळीही नाही. मला वाटतंय, मानेत मज्जारज्जू दाबला जातोय. तसं असेल तर मान वळवणं धोक्याचं आहे. हे माझ्या हातातलं काम नाही. तुम्हाला आजच मणक्याच्या सर्जनकडे जावं लागेल.

टेलरबाई : म्हणजे ऑपरेशन.

डॉक्टर : ते तपासून ठरवतील. पण बहुतेक हो.

टेलरबाई : हात परत येईल?

डॉक्टर : माहीत नाही. आहे तेवढा वाचावा, म्हणून तर घाई.

टेलरबाई : बरं. आहे तेवढा मी सोडत नाही. करा फोन त्या सर्जनना, माझ्यासमोर करा. आणि पेशंट सुधारतेय असं चुकूनही म्हणू नका.

डॉक्टर : नाही म्हणणार. काकू, आज तुम्ही बोलला नसतात आणि मी नेहमीसारखी मान वळवली असती, तर...

टेलरबाई : वळवली नाहीत ना? मग लावा फोन.

(टेलरबाई बाहेर येतात. ड्रायव्हर बाकावरून उठतो.)

ड्रायव्हर : आटोपलंसुद्धा? आवाज नाही आला तो, कड्कन?

टेलरबाई : हातच लावला नाही त्यांनी. मोठ्या हॉस्पिटलात निघालेय, आत्ताच. मुलगी तिकडेच येईल. तुम्ही जा आत, तुमचा नंबर लागला.

ड्रायव्हर : नंबर गेला खड्ड्यात. माझी कंबर कधीच ठणठणीत झालीय. पुन्हा धरेल या धास्तीने येऊन बसतो, झालं. मी येतो तुमच्याबरोबर. द्या हात, जिना उतरायचाय.

टेलरबाई : या बाजूला या, दादा. डावा धरा. उजवा धरलात तर मला कळायचं नाही.